देव्हाऱ्यातले पप्पा

पप्पा, तुम्हाला देव करून टाकलंय. चिडू नका, आधी ऐकून घ्या. रविवारी बारामतीच्या चर्चमधून परतताना सणसरला आपल्या जुन्या शेजाऱ्यांकडे, तात्यांकडे डोकावले, तर त्यांच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी तुमचा फोटो. कपाळाला हळदकुंकू, पुढं निरांजन. दर रविवारी ‘देव एकच’ असं ठासून सांगणारा माणूस, आणि त्याला झेंडूचा हार! मला हसू आलं. तुम्हाला हे मुळीच चाललं नसतं. पण फोटो काढा म्हणायचं तर तात्यांचं घर दुखवायचं, आणि तुमच्यामागं आपलं म्हणावं असं मला तेवढंच घर उरलंय.

शाळेत असताना मी त्यांच्याकडचे मोदक खाऊन आले आणि म्हणाले, “त्यांचा देव किती छान सजवलाय.” तुम्ही वह्या तपासत होता. मान वर न करता म्हणालात, “गणपती म्हण. नाव घे, मान दे. पण तो शब्द एकालाच.” मी हट्टी. थोडी मोठी झाल्यावर बायबलमधलं ते स्तोत्र शोधून तुमच्यापुढं धरलं, ज्यात देव स्वतःच इतरांना देव म्हणतो. आता बोला! पोरगी वाचते म्हणून तुम्ही खुशीत हसलात. मग समजावलंत, की तिथं तो शब्द न्याय करायला नेमलेल्यांना दिलाय, कुणी म्हणतात स्वर्गातल्या दूतांना. पण तो हुद्दा आहे. ज्याला कुणी घडवलं नाही तोच देव, बाकीच्यांना तिथंच पुढं मरण सांगितलंय. मला ते तेव्हा पटलं होतं, आजही पटतं.

तात्यांना विचारलं, तर ते म्हणाले, “म्या न्हाय ठिवला, बाय. पोरीनं ठिवलाय. तिलाच इचार.” ही त्यांची ऐकू न येणारी लेक. तेव्हा जवळपास तिच्यासाठी शाळा नव्हती, म्हणून तुम्ही तिला आपल्या स्वयंपाकघरात शिकवलंत. परातीत ज्वारीचं पीठ पसरायचं, बोटानं शब्द लिहायचा आणि वस्तू दाखवायची. पाणी, मीठ, चूल. आई करवादायची, “भाकरी काय शाळा सुटल्यावर थापू?” आता ती एमआयडीसीत पॅकिंगला आहे, स्वतःच्या स्कूटीवर जाते.

मी मोबाइलवर लिहिलं, ‘पप्पा देव नाहीत. माणूस होते.’ तिनं वाचलं आणि मीच अडाणी असल्यासारखं माझ्याकडं पाहिलं. मग टाइप केलं, ‘हा शब्द सरांनीच शिकवला. हात जोडून, डोळे मिटून दाखवला. ज्याच्यापुढं असं होतं तो देव. मला सरांपुढं असं होतं.’

पप्पा, त्या दिवशी मी तिथंच होते. पिठात ‘देव’ लिहून तुम्ही अडकलात. वर बोट दाखवलंत, तिनं ‘पाखरू’ लिहिलं. भिंतीवरचा क्रूस दाखवलात, तिनं ‘लाकूड’ लिहिलं. आई पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी घाम पुसून तुम्ही हात जोडलेत, आणि पोरीचा चेहरा उजळला. आता कुठल्या तोंडानं तिला सांगू, की सरांनी शिकवलेलं चुकलं? आणि तुम्हाला तरी कसं सांगू, की चुकलं नाही?

तात्या हळूच म्हणाले, “तुला पटत नसंल तर काढू की. पर तिला तूच सांग.” मी फोटो उचलायला पुढं झाले. तेवढ्यात ती शेजारी येऊन डोळे मिटून उभी राहिली. म्हटलं, तिचं होऊ दे, मग काढू.

हे पत्र धाडायचं तर पत्ता नाही, आणि असता तरी मला धीर झाला नसता. फोटो अजून तिथंच आहे. तिच्या शेजारी उभी राहून मीही हात जोडले, पप्पा. प्रभूचं नाव घ्यायला गेले आणि तोंडून तुमचं निघालं.