बाटलीतलं शहाणपण

गुरुजी, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी अजून कुठं धड टिकलेलो नाही. सध्या कापूरहोळला टायर काढतो. मागल्या महिन्यात साताऱ्याला होतो, तिथला मालक बरा होता, पण त्याचं कुत्रं... ते राहू द्या. सांगायचंय ते विंझरच्या शाळेचं.

मी चौथीत. पाढे सुरू झाले की मी खिडकीत आणि खिडकीतून ओढ्यात, हे तुम्ही बरंच सोसलंत. मग आईला बोलावून म्हणालात, "बाई, ही खोडी नाही, आजार आहे. भोरला डॉक्टरांना दाखवा." आई घाबरली. "पर गुरुजी, जेवतंय तर दोन मानसांचं!" तुम्ही म्हणालात, "तेच तर लक्षण." भोरच्या डॉक्टरांनी मला स्टुलावर बसवलं. स्टूल फिरतं निघालं, त्यात माझा काय दोष? चार गिरक्यांनंतर त्यांनी मान हलवली आणि आम्ही घरून नेलेल्या बाटलीत तांबडं औषध भरून दिलं. वर खाचा पाडलेली कागदाची पट्टी. एका वेळेला एक खाच. दुसऱ्या दिवशी मी वर्गात बसल्या जागी पेंगतोय आणि तुम्ही डोक्यावर हात ठेवून म्हणताय, "शहाणा झाला पोरगा." तोवर आमच्या घरात शहाणा फक्त बैलाला म्हणत.

पुढच्या आठवड्यात दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येणार होते. तुमची भोरला बदली त्यांच्या हातात, आणि तुमची बायकामुलं भोरला. तुम्ही घरोघरी निरोप धाडलात, पोरं गप्प बसली पाहिजेत. झालं! आदल्या संध्याकाळी विरजण मागावं तशा बाया वाटी घेऊन आमच्या दारात. "आमचं बी लई नाचतंय वो, दोन खाचा द्या की." आईला नाही म्हणता येईना. बाटली संपली, तेव्हा माझ्यासाठी तिनं त्याच बाटलीत गुळाचं पाणी भरलं.

सकाळी वर्ग चिडीचूप. दिपोटी खूश. त्यांनी विचारलं, "गुंजवणी कुठल्या नदीला मिळते?" एकाची लाळ पाटीवर, दुसरा भिंतीला टेकलेला. मागून कुणीतरी घोरलं. "गुरुजी, ही शाळा आहे का दवाखाना?" तुम्ही घाम पुसत माझ्याकडे बघितलंत. मी हाताची घडी घालून बसलेलो.

तुमची बदली हुकली. संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात आलात. "बाई, औषध ओतून टाका. पोराला काही झालेलं नाही. झालं होतं ते मला." त्यानंतरही दर शनिवारी तुम्ही एसटीनं भोरला जात राहिलात, शेवटपर्यंत.

नीरेला मिळते, गुरुजी. शाळा चुकवून काठाकाठानं संगमापर्यंत गेलो होतो मी, परतायला दोन दिवस लागलेले. हा कागद पोस्टात टाकून तुम्हाला मिळायचा नाही, म्हणून लिहितो. त्या सकाळी मी टक्क जागा होतो. उत्तर ओठावर होतं. पण बोललो असतो, तर तुम्ही मला पुन्हा शहाणा म्हणाला असता का, याची खात्री नव्हती.