आतल्या झाकणावरची खूण

१२ नोव्हेंबर, मंगळवार. लातूर

मिळालं. एकवीसपैकी नववं.

अकरावीच्या बॅचला लंबक शिकवून बाहेर आलो आणि मेल पाहिला. पुण्याच्या मकरंदचा. हा गडी एकटा बसून हाताने मनगटी घड्याळं करतो, चावीची. या मालिकेत एकवीसच, पुन्हा तशी करणार नाही. मागणारे ढीगभर. नुसते पैसे दाखवून देत नाही, हाताने लिहिलेलं एक पान मागतो, घड्याळ का हवं म्हणून. मला लिहिलंय, "तुमचं पत्र दोनदा वाचलं. नऊ नंबर तुमचा."

क्लासमध्ये पेढे वाटले. कशाचे विचारलं तर म्हटलं, खा ना गप. घरी सुनंदाला सांगितलं. घड्याळाचं तिला ठाऊक होतं, पत्राचं नव्हतं. पत्रात एवढं काय लिहिलं होतं म्हणाली. म्हटलं, असंच, लहानपणीचं.

इथे तरी खरं लिहितो. पत्रात लिहिलं की माझे वडील हदगावला बसस्टँडसमोर टपरीत घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग, काचेच्या पेल्याखाली झाकून ठेवलेल्या मशिनी, पेट्रोलचा वास. त्या टपरीत बसून मला घड्याळाचं वेड लागलं. सगळं खरं आहे, फक्त माणूस दुसरा. टपरी सत्तारभाईंची. माझे वडील, आण्णा, समोरच्या शाळेत शिपाई होते.

१५ नोव्हें.

म.चा फोन. बोलायला साधा, पुणेरी आढ्यता अजिबात नाही. म्हणाला, प्रत्येक कारागीर घड्याळ साफ करून बंद करताना मागच्या झाकणाला आतून सुईने आपली खूण ओरखडतो. मालकाला ती कधी दिसत नाही, पुढे जो उघडेल त्यालाच दिसते. "तुमच्या वडिलांची खूण काय होती? नऊ नंबरच्या आत तीच घालायची आहे."

विचारून सांगतो म्हटलं. विचारून! कुणाला?

१७ नोव्हें., रविवार. हदगाव

रविवारची टेस्ट दुसऱ्यावर ढकलून पहाटेच गाडी काढली. नांदेडला चहा, साडेदहाला हदगाव. आण्णांच्या आधी टपरीवर गेलो. म्हणजे पाहा.

सत्तारभाई अजून बसतात. मोतीबिंदू काढलाय, हात थरथरतो, आता फक्त सेल आणि पट्टे. खुणेचं विचारलं तर माझ्याकडे बघतच राहिले. मग डब्यातून एक मेलेलं घड्याळ काढलं, चाकूने झाकण उचकटलं, उजेडात धरलं. तीन बारीक ठिपके, खाली आडवी रेघ.

"तीन उस्ताद होते माझे, तीन नुक्ते. खालची लकीर म्हंजे मी. चाळीस साल झाले, कुणी इचारलं न्हाई बेटा. गिऱ्हाईक कुठं आत बघतंय."

मी फोटो काढला. कशाला पाहिजे विचारलं तर म्हटलं, छंद. लई खूश झाले. उठून चहा सांगायला गेले, कॉलेजात शिकवणारा पोरगा आपल्या निशाणीचा फोटो काढून राहिला म्हणून चहावाल्याला पण सांगितलं. मी कॉलेजात शिकवत नाही, पण दुरुस्त केलं नाही.

दुपारी आण्णांकडे जेवलो. आई गेल्यापासून स्वतः करतात, ज्वारीची भाकरी माझ्यापेक्षा गोल थापतात. न सांगता कसा आलास म्हणाले. म्हटलं, काम होतं.

संध्याकाळी फोटो म.ला पाठवला. चोराला बक्षीस मिळावं तसं त्याचं उत्तर आलं : "अप्रतिम."

२१ नोव्हें.

म. ८ डिसेंबरला नांदेडला येतोय. बंद पडलेल्या जुन्या कारखान्याच्या घड्याळांचे सुटे भाग अजून खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्या कारागिरांकडे सापडतात, ते शोधत फिरतो. हदगावला येतो म्हणाला. झाकण घेऊन येईल, खूण वडिलांनी स्वतःच्या हाताने करावी.

त्यांचा हात थरथरतो म्हटलं. (ती थरथरसुद्धा सत्तारभाईंचीच.) म्हणाला, थरथरलेली चालेल. उलट बरी.

२२ नोव्हें.

सु.ला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, आपलं लग्न ठरतानासुद्धा तुम्ही माझ्या बाबांना वडील 'शिक्षण खात्यात' आहेत म्हणून सांगितलं होतं.

मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं?

"बाबांनी आठ दिवसांत चौकशी केली होती. सगळ्या घराला माहीत होतं. तरी दिली ना मला?"

म्हणजे एकोणीस वर्षं मी सासरवाडीला जे लपवत होतो ते सासरवाडीला पहिल्यापासून ठाऊक. दिवाळीला आण्णांना तिकडे नेताना 'नोकरीचं काही बोलू नका' सांगायचो. ते तिकडे गप्प बसायचे आणि हे सगळे पण गप्प बसायचे. माझ्या इभ्रतीसाठी अख्खं घर तोंड शिवून जेवत होतं.

शेवटी सु. म्हणाली, मकरंदला सांगा नाहीतर आण्णांना सांगा. दोघांतल्या एकाला तरी खरं सांगा.

२६ नोव्हें.

म.ला मेल लिहिला. 'पत्रातली टपरी माझ्या वडिलांची नाही.' पाठवला नाही. पाठवला की नऊ नंबर दुसऱ्याचा. घड्याळ अजून हवंय मला. लाज वाटते आणि हवंही आहे. दोन्ही एकदम होतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक. कुणाला कधी सांगितलेलं नाही. शाळेत सगळी पोरं आण्णांना 'मामा' म्हणायची, शिपाई म्हणून. पाचवीत नवीन वर्ग, नवीन पोरं. मी पण मामा म्हणायला लागलो. घंटा देऊन वर्गापुढून जाताना त्यांनी ऐकलं, थांबले नाहीत. घरी काही बोलले नाहीत. दहावीपर्यंत मी त्यांना शाळेत मामा म्हणत होतो.

१ डिसेंबर, रविवार. हदगाव

आण्णांना सांगितलं. ओसरीत बसलो होतो, ते कपाशी वेचायला माणसं मिळत नाहीत म्हणून सांगत होते. मध्येच तोडून सगळं बोललो. पत्र, सत्तारभाई, खूण, रविवारी येणारा पाहुणा. त्यांच्याकडे न बघता बोललो.

ते म्हणाले : "शिपाई लिवलं असतं तर दिलं नसतं का त्येंनी?"

रागाने नाही. खरंच माहीत नव्हतं म्हणून विचारलं. पुण्याच्या माणसाचा तसा नियम असेल, असं वाटलं त्यांना. तसं काही नाही, माझंच चुकलं म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "बरं. मला काय बोलावं लागंल?"

तेव्हाच म्हणायला हवं होतं, काही नको आण्णा, मी त्याला नाही म्हणून कळवतो. त्यासाठीच गेलो होतो असं येताना गाडीत स्वतःला सांगत होतो. आणि तोंडातून आलं : फार नाही, एवढंच म्हणा की डोळ्यामुळं धंदा बंद केला.

"हाव," म्हणाले.

५ डिसें.

सत्तारभाईंचा फोन. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला फोन केला.

आण्णा रोज सकाळी टपरीवर जाऊन बसतायत. भिंग डोळ्यात धरायला शिकले, तिसऱ्या दिवशी पडायचं थांबलं. चिमटा धरतात. जुन्या झाकणांवर ठिपके काढून राहिलेत, वीसेक झाकणं भरली. सत्तारभाई म्हणाले, "लकीर थोडी वाकडी येऊन राहिली, पण येईल. तू फिकीर करू नको."

म्हणजे आण्णांनी त्यांना सगळं सांगितलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "निशाणी माझी, हात त्येंचा. दोन म्हातारे एका झाकणात बसतेल. काय बिघडलं?"

मला वर्गात जायचं होतं. दहा मिनिटं जिन्यात उभा राहिलो.

८ डिसेंबर, रविवार. रात्री, लातूर

म.ला नांदेडहून गाडीत घेतलं. पस्तिशीचा असेल, बोटांना काळं तेल मुरलेलं. हदगाव येईपर्यंत आण्णांबद्दलच विचारत होता.

बसस्टँडवरून वळलो. सत्तारभाईंची टपरी बंद. कुलूप. सणाशिवाय मी ती कधी बंद पाहिली नाही. नंतर आण्णांकडून कळलं, पाहुण्याच्या नजरेला दुसरा घड्याळजी पडू नये म्हणून ते सकाळीच मुलीकडे उमरीला निघून गेले. टेबल, भिंग, पेले, सगळं आण्णांच्या ओसरीत मांडून गेले. म. ज्या म्हाताऱ्या कारागिरांच्या शोधात फिरतो त्यातला एक त्याच्यासाठी गाव सोडून गेला होता. सुट्या भागांचा डबा टपरीत कुलपाआड. म. कुलपासमोरून गेला आणि मी गाडी चालवत होतो.

आण्णांनी पांढरा शर्ट घातला होता, शाळेच्या पंधरा ऑगस्टचा. बसले, बोलले. डोळ्यामुळं धंदा बंद केला, म्हणाले. म.ने विचारलं, सगळ्यात अवघड काय वाटायचं?

"ती केसावानी स्प्रिंगची कमान," आण्णा म्हणाले. "तिला हात लावायच्या आधी श्वास सोडून द्याचा. भरला श्वास हातात उतरतो."

म. ताठ बसला. हे पुस्तकात नसतं, म्हणाला. नसेलच. सत्तारभाईंनी शिकवलेलं.

मग म.ने झाकण काढलं, मऊ कातड्यात गुंडाळलेलं. कोरणी दिली. आण्णांनी भिंग लावलं, श्वास सोडला, तीन ठिपके, एक रेघ. रेघ सरळ आली. त्यांनी मान वर केली ती माझ्याकडे बघायला. शाळेचा निकाल घेऊन घरी आल्यावर मी त्यांच्याकडे बघायचो, तसे ते बघत होते. मी मान हलवली.

म. वाकून पाया पडला. हे दोघा म्हाताऱ्यांच्या तालमीत नव्हतं. आण्णांनी पाय मागे ओढून घेतले, म्हणाले, नका हो, नका. म.ला ती नम्रता वाटली असेल, असं मी धरून चाललो.

परतताना अर्धापूर मागे पडलं. मग म. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "भिंग लावल्यावर त्यांनी दुसरा डोळा मिटला."

मी म्हटलं, हो.

"कारागीर मिटत नाही. दिवसभर एक डोळा मिटून बसलं तर डोकं फुटेल. दोन्ही उघडे ठेवायची सवय पहिल्या वर्षातच लागते, ती मरेपर्यंत जात नाही."

गाडी चालवत राहिलो. त्याने पुढे काही विचारलं नाही. त्याने विचारावं म्हणून मी नांदेडपर्यंत वाट पाहिली. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं आता वाटतं. न विचारता सांगायची ताकद झाली नाही. स्टेशनवर उतरताना म्हणाला, तुमचे वडील चांगले आहेत. बॅग घेऊन गेला.

९ डिसें.

सुट्टी टाकली. सु. काही विचारत नाही. जेवायला वाढते.

११ डिसें.

म.चा मेसेज. जसाच्या तसा :

"घड्याळ तयार आहे, झाकण तेवढं बाकी. पुढे कधी कुणी उघडेल त्याला ही खूण कुणाची हे कळावं म्हणून मी वहीत नाव लिहून ठेवतो. नऊ नंबरपुढे कुणाचं नाव लिहू ते सांगा. घाई नाही."

घाई नाही म्हणे. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. सत्तारभाई लिहिलं तर आण्णांनी आठवडाभर गिरवलेलं माझ्याच हाताने खोटं ठरतं. आण्णांचं लिहिलं तर तीन उस्ताद आणि त्यांच्या खालचा तो माणूस कायमचे पुसले जातात. दोघांचं लिहिलं तर का, ते सांगावं लागेल. आणि का म्हटलं की माझं नाव येतं.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी आण्णांचा फोन. आधी कपाशीचं, थंडीचं. मग आवाज खाली करून :

"ते पाव्हणे काई बोलले का? त्येंला शंका बिंका न्हाई ना आली?"

सु. समोर बसून पेपर वाचत होती. तिने पेपर खाली केला.

म्हटलं, नाही आण्णा. काहीच नाही आली. लई भारी जमलं तुम्हाला.

"रेघ सरळ आली ना?"

एकदम सरळ.

ते हसले. फोनवर त्यांना असं हसताना मी ऐकलेलं नाही. म्हणाले, "मग झालं. सत्तारभाईला सांगून येतो. रोज इचारून राहिलेत बिचारे." आणि चप्पल शोधायला लागले, फोन चालूच. मी ऐकत राहिलो. दाराची कडी, मग रस्त्यावर कुणीतरी 'मामा, कुठं निघाले' म्हणून विचारलं.

म.ला अजून उत्तर दिलेलं नाही.