चित्रातले हातमोजे

व्हिएन्ना, नोव्हेंबर १९१२

प्रिय ओटिलीताई,

काल प्रदर्शनात चित्रकार एमेरिखने काढलेल्या माझ्या चित्रासमोर लोक खिदळत होते. "बाईला बुरशी लागलीय की काय?" एका गृहस्थाने छत्री रोखून विचारलं. तू मात्र तो हिरवा चेहरा, त्या लाल पापण्या पाहून रडलीस. "आईच्या आजारपणात एकटीच खंगलीस गं! चित्राला बसतानासुद्धा दुखवट्याचे काळे हातमोजे उतरवले नाहीस. मी एकदाही आले नाही, मला माफ कर."

आणि मी तुला माफ केलं!

ताई, ते मोजे एमेरिखने रंगवलेच नव्हते. आईला पुरल्यावर आठवड्यातच मी त्याच्यापुढे बसले, तोंड जमेल तितकं पाडून. त्याने मांडीवरचे माझे उघडे हात रंगवले: गुलाबी, सैल, सुट्टी लागलेल्या पोरीचे.

"हे झाक!" मी ओरडले.

"मला दिसलं ते मी रंगवलं. झाकायचंय तर तूच झाक," म्हणत त्याने ब्रश माझ्या हातात कोंबला. मी त्या हातांवर काळा रंग थापला.

आईच्या उशाशी ठेवलेली घंटा वाजली की मी हातातला कप ठेवून धावायचे. त्या सकाळी ती वाजली नाही. मी आत जाऊन आईचे डोळे मिटले आणि तुला तार करण्याआधी कॉफी केली. कित्येक वर्षांनी गरम प्यायले. मग दुसरा कप ओतला.

हे पत्र मी धाडणार नाही. रविवारी तू येशील, माझे हात हातात घेऊन रडशील, आणि मी ते घेऊ देईन.

तुझीच,
वाल्बुर्गा