न बोलावता आलेले

सर, तुमच्या घराच्या दाराला आतून लोखंडी कडी होती, ती लावली की आधी खर्र आणि मग खट असं वाजायचं. तो आवाज मी एकदाच ऐकला, बाहेरून. आठवीत होतो. आदल्या दिवशी तुम्ही वर्गात कविता शिकवली होती, डोळे मिटून, टेबलावर बोटांनी ताल धरून, आणि त्या भरात मी वहीत माझी स्वतःची एक लिहिली होती. रविवारची दुपार. तुम्ही झोपाळ्यावर, समोर पाहुणे, वाट्यांत आमरस. मी दारात, वही छातीशी धरून. "न बोलावता घरात शिरणाऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात रे?" तुम्ही विचारलंत. मला येत नव्हतं. "इन्ट्रूडर. घुसखोर. उद्या पन्नास वेळा लिहून आण." पाहुणे हसले. तुम्ही उठून आलात, मला वाटलं वही बघायला. खर्र, खट.

केवढं मोठं काम केलंत हो! ज्या गावात लोक चहाचं आधण चढलेलं बघून खुशाल शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात बसायचे, तिथे मी जन्मभर आमंत्रणाशिवाय कुणाचा उंबरा ओलांडला नाही. बायको म्हणायची, "अहो, सख्ख्या बहिणीकडे जायलासुद्धा पत्रिका लागते का तुम्हाला?" लागायची. आता ती नाही, आणि मी जर्मनीत एश्बॉर्नला मुलाकडे राहतो. इथे मुलाला मित्राकडे चहाला जायचं तर आधी टर्मिन ठरतो, म्हणजे भेटीची तारीख-वेळ. दोघंही आपापल्या फोनमध्ये बघतात आणि तीन आठवड्यांनंतरचा एक शनिवार सापडल्यावर कृतार्थ होतात. तुम्हाला फार आवडला असता हा देश. तुमच्यासारख्यांनीच वसवल्यासारखा आहे.

एक माणूस तेवढा त्यात बसत नाही, खालच्या मजल्यावरचा तुर्की म्हातारा. कारखान्यातून निवृत्त झालेला, गुडघे गेलेले, तरी कठडा धरून वर येतो. बेल वाजवतो. हातात निळ्या काठाची ताटली, तीत कधी पालक भरलेले पापुद्रे, कधी मसुराचे गोळे. "ओपा, चाय?" म्हणतो, म्हणजे आजोबा, चहा घेणार का, आणि उत्तराची वाट न बघता बूट काढायला लागतो. बरं, बोलणार काय? त्याचं जर्मन मोडकं, माझं नाहीच. तासभर नुसता बसतो. शेवटी मी, तुमचा विद्यार्थी, दारावर त्याच्याच भाषेत चिठ्ठी लावायचं ठरवलं. नातीच्या फोनमध्ये तुमचा 'इन्ट्रूडर' शब्द घातला, तीन तुर्की अर्थ आले. एक, हल्ला करणारा. दुसरा, परवानगीशिवाय आत आलेला. आणि तिसरा 'दावेतसिझ मिसाफिर', आमंत्रण नसलेला पाहुणा. मी हसलोच. मिसाफिर म्हणजे आपला मुसाफिरच की! भिंत चढून आलेल्यालाही पाहुणा म्हणणाऱ्यांना शिस्त कुठून येणार? मी दुसरा निवडला आणि पुढे 'अशांना प्रवेश नाही'. नातीला मराठी समजतं, पण उत्तर ती जर्मनमध्ये देते. "दास इस्ट गेमाइन," म्हणाली. हा दुष्टपणा आहे. तिने लिहून द्यायला नकार दिला. मग मीच स्क्रीनवर बघून एकेक अक्षर उतरवलं. सुवाच्य. अक्षर तुम्हीच वळवलेलं.

दुसऱ्या दिवशी तो आला. मी दाराच्या भिंगातून बघत होतो. झाकलेला एक वाडगा छातीशी धरलेला. चष्मा कपाळावर सरकवून त्याने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, आणि वाडगा तसाच घेऊन एकेक पायरी खाली गेला. वही घेऊन परत जाताना मी कसा दिसलो असेन, ते मला तेव्हा पहिल्यांदा मागून दिसलं.

त्यानंतर तो फिरकला नाही. जिन्यात भेटला तर भिंतीकडे बघतो. त्याची निळ्या काठाची ताटली मात्र आमच्याकडेच राहिली आहे. सूनबाई रोज बजावते, "बाबा, ती रिकामी नाही हं द्यायची परत. काहीतरी घाला तीत." हे काय मला माहीत नाही? एवढं आईकडून शिकलोय, तुमच्याकडून नाही. आज सगळे बाहेर गेल्यावर शिरा केला. मला तेवढाच येतो. चिठ्ठी फाडली. शिरा ताटलीत घालून, झाकून, बूट चढवून दोनदा दारापर्यंत गेलो. सोळा पायऱ्या आहेत फक्त. पण त्याने बोलावलंय कुठे? दोन्ही वेळा परत फिरलो, आणि आता बूट पायात तसेच ठेवून तुमच्यावर राग काढत बसलोय, ज्यांना उत्तर देता येत नाही अशा माणसावर. तुम्हाला शब्द येत होते, सर. भाषा येत नव्हती. डोळे मिटून कविता म्हणणारा माणूस डोळे उघडल्यावर इतका क्षुद्र असू शकतो, हे तेराव्या वर्षी कळायला नको होतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. एकच सांगायचं राहिलं. त्या वहीतली कविता तुमच्यावर होती. फार चांगली नव्हती.

आत्ता बेल वाजली. मुलाकडे किल्ली आहे, आणि तिघंही संध्याकाळशिवाय येत नाहीत. भिंगातून बघून आलो. खालचा म्हातारा आहे. हातात काहीच नाही. दारावर माझ्या चिठ्ठीच्या चिकटपट्टीचा तुकडा राहिलाय, तो नखाने खरवडत उभा आहे.