वसीयतनाम्यावरचा नांगर

आबा,

तुमचा दमा कसा आहे? तिकडं थंडी पडते का, आणि पडत असेल तर फडक्यात गरम वीट गुंडाळून छातीशी कोण ठेवतं? आईचे गुडघे उतरले का? तिला म्हणावं, चुलीपुढं उकिडवं बसायचं आता बंद कर. आत्याच्या डोळ्यांतला पडदा गेला असेल तर सुईत दोरा तिचा तिनं ओवावा, दर वेळी मला हाक मारू नये. आणि आमचा धाकला, तापात गेला तो, अजून सहाच वर्षांचा आहे की वाढला? त्याच्या कपाळाला तेवढा हात लावून बघत जा. इकडं मी बरी आहे. साखर वाढलीय, एक कान गेलाय, पण दात अजून माझेच आहेत. भाऊ, म्हणजे तुमचा लेक, तब्येतीनं ठणठणीत आहे. फक्त तीन आठवडे झाले, माझ्याशी बोलत नाही. तीच हकिगत सांगायला बसलेय. आणि आधीच सांगते, तुम्ही रागावलात तरी मी मागं सरणार नाही.

दसरा आठवा. मी नऊ-दहा वर्षांची असेन. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्याला बरीच वर्षं झालेली, चावडीतली उर्दू जाऊन मराठी आलेली, आणि आपल्या घरात उर्दू वाचणारं कधी कुणी नव्हतंच. तुम्ही लोखंडी पेटीतून तो कागद काढता. वसीयतनामा, म्हणजे आताचं मृत्युपत्र. पाटावर कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ मांडलाय, आणि त्यांच्या शेजारी तो कागद. त्यालाही हळद-कुंकू, त्यालाही झेंडूचं फूल. खाली सहीच्या जागी शाईनं काढलेला बोटभर नांगर. लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्यासाठी कागद लिहिणारा तेव्हा सहीऐवजी नांगर काढायचा, आणि बाई असली तर बांगडी, म्हणजे नुसता एक गोल. एवढं त्या वयात मलाही माहीत होतं. मी विचारलं, "हा नांगर कुणाचा?" तुम्ही म्हणालात, "माझ्या आजोबाचा. करमाडच्या अलीकडचं आपलं रान सगळं बंजर होतं. पळसाची झाडी अन् कुंद्याचं गवत. कुत्रं फिरकत नव्हतं तिथं. त्यानं फोडलं ते." मी म्हणाले, "आन् आजीचा कागद?" "बाईचा कसला आलाय कागद? फूल वाहा आन् हो बाजूला." मी फूल वाहिलं आणि बाजूला झाले. आबा, तुमच्या हयातीत दर दसऱ्याला आपण त्या कागदापुढं डोकं टेकलं. तो वाचला मात्र एकदाही नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं मी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. लग्न होऊन शहरात आले तेव्हा शेजारी आपा राहायच्या, कपडे शिवायच्या. त्यांच्या मशीनजवळ बसून मी काजं-बटणं करायची आणि त्या मला धुण्याच्या दगडावर खडूनं उर्दूची अलिफ-बे काढून द्यायच्या. मी सवयीनं डावीकडून सुरू करायची, की टपली बसायची. "अगे, उलटी कायकू जारी? सीधे हात से शुरू कर." वर्षभरात मी त्यांच्या घरी येणारी पत्रं त्यांनाच वाचून दाखवायला लागले, कारण त्यांची नजर अधू झाली होती. तुम्ही एकदा हुरडा घेऊन आलात, दगडावरची अक्षरं बघितलीत आणि म्हणालात, "हे शिकून काय तहसीलदार होणारैस?" चहा गाळता गाळता माझे हात थांबले होते. तुम्हाला ते दिसलं नसेल. तहसीलदार नाही झाले, आबा. पण ऐका पुढं.

गेल्या महिन्यात भावाचा थोरला आला. गाडी दारात चालूच ठेवलेली. "आत्या, चल, पाच मिनिटांचं काम हाय. एक सही." मी विचारलं, कशावर? "हक्कसोड. आबांच्या जमिनीवर तुझं नाव लागलंय ना, ते काढायचंय. सगळ्याच बहिणी करतात."

"सगळ्याच बहिणी मरतात बी. म्हणून मी आजच निघू व्हय?"

तो हसला. पोरगं वाईट नाही. पिशवीतून त्यानं साडी काढली, चांगली जरीची, आणि वर काकणांचा डबा. वकिलानं मागितलेल्या जुन्या कागदांच्या झेरॉक्स त्याच पिशवीत होत्या. त्यांत आपला वसीयतनामा होता. झेरॉक्समध्ये कुंकवाचे डाग काळे दिसत होते. मी चष्मा लावला. तो म्हणतोय, "ते सोड आत्या, ते उर्दू हाय," आणि मी पहिल्या ओळीतच अडकलेली. मुसम्मात. उर्दू कागदात हा शब्द बाईच्या नावाआधी लावतात, पुरुषाच्या कधीच नाही. त्यापुढं नाव होतं. तुमच्या आजोबांचं नव्हे, तुमच्या आजीचं. मी त्याला म्हणाले, साडी ठेव, गाडी बंद कर, माझा गुडघा दुखतोय, आज जमायचं नाही. गुडघा दुखत नव्हता.

आपल्या मनानं भलतंसलतं वाचलं असं व्हायला नको, म्हणून मी जुन्या दफ्तरखान्यात गेले. पहिल्यांदा तिथला कारकून म्हणाला, "आजी, वाचणारं कुणीतरी सोबत आणा." मी म्हणाले, "आणलंय की. मीच." तिसऱ्या खेपेला त्यानं खुर्ची दिली आणि जुन्या कागदांचा बस्ता सोडला. आबा, त्या वसीयतनाम्यामागं चौकशी झाली होती. तुमची आजी वारल्यावर तिच्या दिरानं अर्ज केला होता की कागद खोटा आहे. बाईची निशाणी बांगडी असते, इथं नांगर आहे, म्हणजे हा तिचा कागदच नव्हे. शिवाय या बाईनं नांगराला हात लावला म्हणून गावावर दोन वर्षं पाऊस रुसला, असंही त्यानं लिहून दिलं होतं. मग कागद लिहिणाऱ्याला बोलावलं. त्याचा जबाब मी तिथंच दोनदा वाचला आणि घरी येऊन तिसऱ्यांदा तोंडपाठ म्हटला. तो म्हणतो, मी गोल काढायला लागलो तर बाईनं माझा हात धरला. म्हणाली, मालक गेला तेव्हा बांगड्या तुम्हीच फोडल्या, आता कागदावर कुठून आणता? रान मी फोडलंय. नांगर काढा.

तुमचे आजोबा रान फुटायच्या आधीच गेले होते. तुमच्या वडलांचाही जबाब आहे त्यात. ते सांगतात, मी पाळण्यात होतो. आई नांगर धरायची आणि माझी थोरली बहीण बैलांपुढं चालायची, पळसाची खुंटं पायाला लागून तिच्या टाचा फुटायच्या. चौकशीत कागद खरा ठरला. त्यात आजीनं अर्धं रान लेकाला दिलं होतं आणि अर्धं त्या लेकीला. लेकीला, आबा. मी दफ्तरखान्याच्या व्हरांड्यात बसून पाणी प्याले. वाटलं, आता इथंच थांबावं. पण बस्त्यात आणखी एक कागद होता. दोन वर्षांनंतरचा. त्या लेकीनं आपलं अर्धं रान राजीखुशीनं भावाला सोडून दिल्याचा. खाली निशाणी होती, नीट, गोल, बांगडीची. जिच्या टाचा फुटल्या होत्या तिची. तिला तुम्ही बघितलं असेल, तुमची आत्या होती ती. तुम्ही तिच्याबद्दल कधी एक शब्द बोलला नाहीत. का, ते मला आज विचारायचंय. माहीत नव्हतं, की माहीत होतं?

मग भाऊ स्वतः आला. आल्या आल्या म्हणाला, "अक्का, तुला काय कमी पडलं? सांग तर." मी त्याला सगळे कागद वाचून दाखवले, उर्दू आधी, मग मराठीत. तो ऐकत होता, खोटं कशाला बोलू. नांगराच्या ठिकाणी तोही कागदावर वाकला. पण शेवटी म्हणाला, "ते झालं तवाचं. आता काय त्याचं? माहेर तुटंल बघ असल्यानं."

"तोडणारा तू. मी तर घट्ट धरून बसलेय."

"आबांना काय वाटलं असतं?"

"आबांना मी विचारते लिहून," मी म्हणाले. त्याला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. साडी तेवढी परत नेली त्यानं, काकणं विसरला. सही मी केली नाही आणि करणार नाही. जमिनीचं मी काय करणार, असं सून विचारते. मी सांगते, काही नाही. तिथं उभी राहीन. जमलं तर बांधावर एक दगड लावीन, तुमच्या आजीच्या नावाचा आणि तिच्या लेकीच्या नावाचा. तुम्हाला आवडणार नसेल तर त्या दोघी तिकडंच असतील, त्यांना जाऊन सांगा. त्या काय म्हणतात ते बघा.

आता एक राहिलं. हे मी भावाला सांगितलं नाही, सुनेला नाही, कुणालाच नाही. पुंडलिकनगरचं हे घर, ज्यात बसून मी एवढं ताठ लिहितेय, ते सासऱ्यांचं. त्यात माझ्या नणंदेचाही वाटा होता. सासरे गेल्यावर तिच्याकडून सही घ्यायचं ठरलं तेव्हा तिला रजिस्ट्री ऑफिसात मीच घेऊन गेले. साडी मीच निवडली. परत येताना क्रांती चौकात तिला उसाचा रस पाजला आणि म्हणाले, सगळ्याच बहिणी करतात, वन्सं. ती रस पीत होती आणि मान हलवत होती. उद्या सकाळी मी तिच्याकडं जाणार आहे, मुलाला न सांगता. ती दार उघडेल, बस म्हणेल, चहा टाकेल. त्यानंतरचं पहिलं वाक्य मला सुचत नाही. हे पत्र कुठल्याही पेटीत पडायचं नाही हे मला कळतं. तरी आबा, तुम्ही घरात कधी कुणाची माफी मागितली असेल, माझ्या आत्याची, आईची, कुणाचीही, तर कशी मागितली तेवढं लिहा. उद्याच्या आत लिहा.

तुमची लेक