दोन मशीन, एक चावी

मंचर, ४ फेब्रुवारी २०२६

ती. इंद्रायणीताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद लिहितोय. आपल्या धाकट्या आरतीच्या साखरपुड्यात मी पावण्यांना म्हणलो, की ब्लॉकचेनचा नोड, म्हणजे व्यवहार तपासून सह्या करणारं मशीन, मीच चालवतो, ताई नुसती खोली झाडते. त्यावरून तू भांडलीस, मी रागात मशीनच्या खोलीचं कुलूप बदललं. चुलत असलो तरी भाऊच हाये ना मी तुझा? एवढं धरून बसू नये.

अडचण अशी, की लाईट गेली की मशीन बंद पडतंय. रस्त्यात गेलेल्या जमिनीचे तुझे-माझे पैसे त्या नोडात ठेव म्हणून अडकलेत, म्हणून जीव खालीवर होतो. विहिरीवर आपण जोडीला दुसरी मोटार ठेवतो, तसं कळंबच्या रिजवानकडून दुसरं मशीन घेतलंय. त्यातबी सह्या करायची तीच डिजिटल चावी टाकून दोन्ही चालू ठेवतो. चालंल ना? लगेच कळव.

तुझा स्वराज

कळंब, ८ फेब्रुवारी

चि. स्वराज यास आशीर्वाद.

पत्र पावलं. काकूंचे गुडघे कसे आहेत?

दोन वर्षं मी लिनक्सच्या कमांडी पाठ केल्या, फायरवॉल लावली, मशीनचं घड्याळ सेकंदाला जुळवलं, बिघाड शोधायला लॉग वाचत बसले. खोली झाडता झाडता एवढंच जमलं. दुसऱ्या मशीनचं मला काय विचारतोस? नोड चालवणारा तू. तुझ्या मनाला येईल ते कर.

काकूंना नमस्कार सांग.

इंद्रायणी

मंचर, १५ फेब्रुवारी

ताई,

शि. सा. न.

वाटोळं झालं. दोन्ही मशीनवरनं एकाच नोंदीसाठी एकाच चावीच्या दोन वेगळ्या सह्या गेल्या. नेटवर्कनं ती लबाडी धरली, ठेवीतनं दंड कापला आणि आपला नोड बाहेर काढला. ती चावी आता पुन्हा कधीच चालणार न्हाई म्हणतात. दंड झाल्याचं तिथं कायमचं लिहिलंय, कुणालाबी दिसतं. आरतीच्या सासऱ्यांनी मोबाईलवर काढून चारचौघांत वाचून दाखवलं. मला मान वर करता येईना.

खरं सांग, तुला हे आधी ठाऊक व्हतं का?

स्वराज

कळंब, १९ फेब्रुवारी

चि. स्वराज,

आशीर्वाद.

होतं. नोड चालवणाऱ्यानं पहिल्या दिवशी शिकायची गोष्ट ती. 'दोन मशीनवर एक चावी नको', एवढंच लिहायचं होतं. गेल्या पत्रात लिहिलंही होतं. मग तो कागद फाडला आणि ती ओळ गाळून पत्र नव्यानं लिहिलं.

दंडात माझाही वाटा कापला गेला, हे तेव्हाच कळत होतं. गेला तर गेला. उरलेली ठेव काही आठवड्यांनी सुटेल, त्यातला माझा हिस्सा तेवढा पाठव. पुढं तुझ्याबरोबर भागीदारी नाही.

पत्र टाकून आल्यावर भाऊ म्हणून तुझी कीव येईल, असं वाटलं होतं. दोन दिवस वाट पाहिली, आली नाही. तुझं पत्र मी तीनदा वाचलं, स्वराज. लई बरं वाटलं.

लोभ ठेवायचा की नाही, ते तुझं तू बघ.

इंद्रायणी