माझं नाक शाबूत आहे

१३ सप्टेंबर, लेस्कोवात्स
ठरलं. उद्या निघायचं. व्रान्ये, मग सीमेपलीकडे स्कोप्ये, बितोला आणि परत. तिन्ही गावांतलं खाऊन बघायचं आणि एकदाचा निकाल लावायचा.

काल रुझित्सा आमच्या कबाबांच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, बाबा, यापुढे कबाबांचं मांस मी मळते, तुमचं नाक जानेवारीच्या तापात गेलंय. पोटची पोर. सातवा महिना चालू आहे म्हणून मनावर घेतलं नाही. छत्तीस वर्षं मी वासावरून मांस ओळखतोय. नाक गेलेलं नाही, जरा दमलंय. खरं म्हणजे हल्ली सगळीकडचंच खाणं बेचव झालंय. ते सिद्ध झालं की मांस मळायची परात पुन्हा माझ्याकडे.

बायको, देसांका, म्हणाली, जायचं तर जा, पण एकवीसला आपल्या संताचा सण आहे, पाहुण्यांना मी एकटी तोंड देणार नाही.

१४ सप्टेंबर, व्रान्ये. दुपार
इथली चेवापी, म्हणजे खिम्याचे भाजलेले कबाब, निव्वळ भुसा. मालकाला सांगितलं, मसाला विसरलात. तो म्हणाला, काका, तिखट जास्त झालं म्हणून सकाळपासून तिघांनी ताटं परत केली. माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. धुराने.

व्रान्ये बाद.

१६ सप्टेंबर, स्कोप्ये
सप्टेंबर अर्धा सरला आणि एकाही अंगणातून मिरच्या भाजल्याचा वास नाही. लोकांनी हिवाळ्याची बेगमी करणंच सोडलं. खानावळीच्या बाईंना तसं बोलून दाखवलं. त्या मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. भट्टीवर चाळीसेक किलो लाल मिरच्या, साली काळ्या पडलेल्या. मी म्हटलं, हल्लीच्या मिरच्यांना वास कुठे असतो.

बाईंनी विचारलं, किती महिने झाले असं होऊन? मग स्वतःच म्हणाल्या, माझ्या दिराचंही असंच झालं होतं, मग एकदा घरात गॅस सुटला. मी विचारलं, मग? त्या मिरच्या उलटत राहिल्या.

रात्री झोप लागली नाही. गादी वाईट.

१७ सप्टेंबर, बितोला
कच्ची सॉसेजं सहा किलो घेतली. सणाला हीच भाजून वाढायची. पहिला घास रुझित्साला, सगळ्यांसमोर. माझी निवड तिला जिभेवरच कळेल. खाटीक म्हणाला, बर्फात ठेवा, आजच निघा, ताजं मांस आहे, वाट बघत नाही. छत्तीस वर्षं मांसात हात घातलेल्या माणसाला शिकवतो.

१८ सप्टेंबर, बितोला
बस चुकली. म्हणजे मीच सोडली, घेवड्याच्या उसळीसाठी नावाजलेली एक खानावळ राहिली होती. तीही बेचव. खोलीत फ्रीज नाही. बर्फाचं पाणी झालं, ओतून दिलं. पिशवी खिडकीत ठेवली. ऊन येतं, पण वाराही येतो.

१९ सप्टेंबर, बसमध्ये
शेजारची सीट रिकामी. पुढच्या दोन आणि मागच्या दोनही. ऐसपैस बसलोय. एक आजी सारखी छातीवर क्रूसाची खूण करतेय आणि माझ्याकडे बघतेय. भाविक दिसते.

सीमेवर मांस नेऊ देत नाहीत, म्हणून पिशवी पायांमागे सरकवली. अधिकाऱ्याने पिशवी उघडली, लगेच मिटली आणि ड्रायव्हरला म्हणाला, हे घेऊन जा इथून, लवकर. लेस्कोवात्सच्या माणसाला अजून मान आहे.

२० सप्टेंबर, घरी
पिशवी तळघरात ठेवली. मांजर तिथून निघून गेलं, बोलावलं तरी येत नाही. देसांका दोनदा म्हणाली, गटार तुंबलंय वाटतं. उद्या माणूस बोलावू म्हटलं. शेगडीजवळ कुणी यायचं नाही असं बजावलंय.

२१ सप्टेंबर. सकाळी सहा
रंग जरा करडा आलाय. अंधारामुळे असेल. हात चिकट झाले. लसूण भरपूर चोळला.

त्याच दिवशी, रात्री
बारा पाहुणे. सणाच्या दिवशी यजमानाचं ताट कुणी नाकारत नाही, आमच्याकडे तो अपमान आहे. मी वाढत गेलो तसा आवाज बंद होत गेला. रुझित्साचे धर्मपिता झिव्को, ज्यांनी जन्मात कशाला नाही म्हटलं नाही, त्यांनी ताटावर पंजा ठेवला. बाकीचे पाव मोडत राहिले. कुणी माझ्याकडे बघेना.

मग रुझित्सा म्हणाली, बाबांनी एवढ्या लांबून आणलंय. तिने तुकडा कापला, काट्याला लावला आणि श्वास रोखला. लहानपणी कडू औषध घेताना ती असंच करायची. दुसरा हात पोटावर होता.

मी तिच्या हातावर फटका मारला. ताट फुटलं. आतून कच्चं राहिलंय, असं मी सगळ्यांना सांगितलं. झिव्को म्हणाले, हो, कच्चंच आहे, चेदोमिर. देसांका रडत होती. मला भीती वाटली. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती.

२२ सप्टेंबर
मागे खड्डा खणून सगळं त्यात टाकलं. मातीने बुजवण्याआधी वाकून खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. काही नाही. रुझित्सा लांब उभी होती, तोंडाला रुमाल. म्हणाली, बाबा, पुरे करा, मागे या.

मी म्हटलं, उद्यापासून तूच मळ.

ती म्हणाली, बरं.